मेंटॉर म्हणजे नात्यानं कोण

धुळ्याला आमच्या गल्लीत ज्याला सल्ला हवा असेल त्याला घराबाहेर पडावं लागत नसे, आणि ज्याला नको असेल त्याला घराबाहेर पडता येत नसे. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी दूध आणायला निघाले. कोपऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर मला सायन्स, कॉमर्स, डी.एड., शिवणक्लास आणि नंदुरबारचं एक स्थळ एवढं सगळं सुचवून झालं होतं. केंद्रावर गेले तर दूध संपलेलं.

समोरचे वना नाना पोस्टातून रिटायर झालेले. ते रोज संध्याकाळी मला ओट्यावर बसवून इंग्रजी पेपरातल्या निधनाच्या बातम्या मोठ्यानं वाचायला लावत. निधनाच्याच का, तर त्यातली वाक्यं सोपी असतात आणि माणसाबद्दल सगळं चांगलंच लिहिलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. माझं इंग्रजी आजही कोणी वारलं की फार सफाईदार होतं, एरवी अडखळतं. ताईबाईंनी मला सायकल शिकवली. त्या स्वतः जन्मात कधी सायकलवर बसल्या नव्हत्या. मागून धावत फक्त "पाय मार, पाय मार" म्हणायच्या, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी गल्लीतल्या झाडून सगळ्या मुलींना सायकल शिकवली होती.

या लोकांना मेंटॉर म्हणतात हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं, तेही कारखान्याच्या बोर्डावरच्या एका नोटिशीवरून. वाईट एवढंच की ती नोटीस मीच लावली होती.

मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅचला असते. प्लास्टिकच्या रंगीत चटया, ज्या एका लग्नात आहेर म्हणून येतात आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून जातात, त्या पहिल्यांदा आमच्याकडून निघतात. कोणता ट्रक कुठे, कोणत्या ड्रायव्हरला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हे सगळं मी चालत्या कामात शिकले. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्याकडे एचआरला पुण्याहून भूषण सर आले. वयानं माझ्या थोरल्या मुलाएवढे, पण बोलताना हवेत बोटांनी चौकोन काढायचे, त्यामुळे त्यांचा वचक होता. त्यांनी चौकोन काढत सांगितलं की पिंप्राळ्याच्या वसतिगृहात राहून पॉलिटेक्निक करणारी खेड्यापाड्यांतली मुलं आहेत, त्यांना आपल्या कर्मचाऱ्यांनी मार्गदर्शन करायचं. एका मुलाला एक मेंटॉर. दर शनिवारी तासभर. स्वयंस्फूर्तीनं.

"आणि या उपक्रमाच्या समन्वयक रूपाताई," ते म्हणाले.

मला का, असं मी विचारलं. तर बोर्डावर वाढदिवसाच्या शुभेच्छा मी फार वळणदार अक्षरात लिहिते, म्हणून. चांगल्या अक्षराचे दुष्परिणाम शाळेत कोणी सांगत नाही.

मुलं पहिल्यांदा कारखाना बघायला आली तेव्हाच मला अरिबा भेटली. सावद्याची, पहिल्या वर्षाला. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, आणि चटई विणायच्या यंत्रापुढं उभी राहिली की ओढणीही विसरायची आणि बोटही. तिनं आमच्या फिटरला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी चहाला म्हणून गेला तो जेवूनच आला. जाताना ती माझ्या टेबलापाशी घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या अब्बांशी बोलाल का? फोनवरच आहेत."

तिचे वडील, शकीलभाऊ, केळीच्या गाड्या भरायच्या कामावर. मागं गाडीचा हॉर्न वाजत होता. आवाज नरम, पण बोलणं रोखठोक.

"बाई, पोरगी हुशार आहे, माहीत आहे मला. पण घरात रोज एकच चाललंय, शहरात आपलं कोण आहे. हॉस्टेलची मॅडम दर दोन महिन्यांनी बदलते. मी दिवाळी झाली की येतो. तिथं तिच्यासाठी आपलं माणूस दिसलं, तर शिकू दे. नाही दिसलं तर पोरीला घेऊन येतो परत. माझा पण नाइलाज आहे."

समोर अरिबा टेबलावरची टाचणी सरळ करत उभी होती. मी डिस्पॅचची बाई. गाडी नाशिकला कधी पोहोचेल हेसुद्धा मी कोणाला छातीठोक सांगत नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "या तुम्ही भाऊ. तुमचं माणूस दाखवते."

आता फक्त माणूस शोधायचं राहिलं होतं.

नोटीस लावली. लोकांनी वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि पुढं गेले. मग भूषण सरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यावर सगळ्यांनी अंगठे पाठवले. मी ते अंगठे होकार समजून वसतिगृहाला कळवलं, आणि शनिवारी कँटीनमध्ये मुलं आली, मी होते, पोहे होते, आणि अंगठ्यांपैकी कोणीही नव्हतं.

मेंटेनन्सचे लीलाधरभाऊ आमच्या युनियनचे पुढारी. त्यांना गाठलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे शिफ्टमध्ये धरायचं की शिफ्टबाहेर?"

"भाऊ, हे स्वयंस्फूर्त आहे."

"मग तसा लेखी आदेश काढायला सांगा सरांना. आदेशाशिवाय आमची माणसं स्वयंस्फूर्त होणार नाहीत."

तिकडं पॉलिटेक्निकचं वेगळंच. आमच्या पत्रावर गोल शिक्का पाहिजे, तरच मुलांना सोडता येईल. आमच्या कंपनीचा शिक्का चौकोनी. क्लार्क म्हणाले, चौकोनी शिक्का आम्ही धरत नाही, मागच्या साहेबांच्या वेळेपासून. कारखान्यात गोल शिक्का एकच, गेटवरचा, 'माल तपासला' असा. मी हताश होऊन तोच मारला. पत्र त्याच दिवशी मंजूर झालं. कागदोपत्री आमचे मेंटॉर आजही तपासलेला माल आहेत.

मग टी-शर्ट आले. निळे, छातीवर 'मी घडवतो' असं लिहिलेले, आणि सगळे एकाच मापाचे. लीलाधरभाऊंनी घातला तेव्हा ती अक्षरं पोटावर अशी काही ताणली गेली की लांबूनसुद्धा चष्म्याशिवाय वाचता यावीत. टी-शर्ट सगळ्यांनी नेले. शनिवारी कोणी आलं नाही. रविवारी पिंप्राळ्याच्या बाजारात मला एक निळा टी-शर्ट मेथीची जुडी निवडताना दिसला. मला बघितल्यावर तो कोथिंबिरीकडे वळला.

घरी येऊन मी पिशवी आपटली. आमचे ज्ञानेश्वरराव बँकेतून रिटायर झाल्यापासून कोणत्याही विषयावर उपलब्ध असतात. ते म्हणाले, "लोकांना फुकट काम करायला लावायचं तर आधी जागा भरल्या म्हणून सांगायचं." हा सल्ला मी वापरून बघितला. जागा भरल्या म्हटल्यावर सगळ्यांनी समाधानानं माझं अभिनंदन केलं.

मला खरंच कळेना. आमच्या गल्लीत वना नानांना कोणी टी-शर्ट दिला होता? ताईबाई कोणत्या ग्रुपवर होत्या? त्या धावायच्या तेव्हा एका हातात निऱ्या आणि एका हातात सायकलचं कॅरिअर. हात सुटला तर पोरगी पडणार आणि नाही सुटला तर ताईबाई. त्या माणसांना सल्ले देण्यापासून परावृत्त करायला आम्ही मागच्या दारानं जायचो. आणि इथं कँटीनमध्ये पोहे गार होत होते.

शेजारच्या वच्छलाबाई मूळच्या शिंदखेड्याच्या. त्या भिंतीपलीकडून आमचं सगळं ऐकतात आणि ऐकलं नाही असं दाखवायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या दारात येऊन म्हणाल्या, "नोटीस वाचीसन कोनी येस का, रूपा? घरोघर जाय, हातमा सुपारी दे. बठ्ठा येतीन."

"अक्का, सुपारी देऊन सगळ्यांना बोलवायला हे काय लग्न आहे का?"

"मानुसले बोलावनं लागस," एवढं बोलून त्या माझी वाटीभर साखर घेऊन गेल्या.

मी गेले. दुसरं सुचत नव्हतं म्हणून गेले. कुठल्या खात्यात, कुठल्या घरी, कुठं पार्किंगमध्ये गाठून, मी प्रत्येकाच्या हातावर सुपारी ठेवली आणि म्हटलं, शनिवारी यायचंच, तुमच्यावाचून अडलंय. लीलाधरभाऊंनी सुपारी कपाळाला लावून खिशात ठेवली. लेखी आदेशाचा विषय पुन्हा निघाला नाही.

शनिवारी सगळे आले, आणि सहकुटुंब आले. बायका काठापदराच्या साड्या नेसून, लीलाधरभाऊ सफारीत. सुपारी मिळाली म्हणजे कार्य असणार, हे गृहीतच. कार्य कोणाचं हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. पॅकिंगच्या एकानं तर आहेर म्हणून चटई आणली होती. आमच्याच कारखान्याची. भूषण सरांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे बघितलं.

सरांनी प्रत्येक मेंटॉरला प्रश्नांची कार्डं दिली होती. पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता, तुमचं बलस्थान कोणतं, असले प्रश्न. लीलाधरभाऊंच्या समोर दीपक नावाचा मुलगा बसला होता, हात मांडीखाली दाबून. भाऊंनी कार्ड लांब धरून वाचलं, घडी घालून सुपारीच्या खिशात टाकलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"गाव कोणतं रे?"

"शिंदखेड्याजवळ, सर."

"सर नको म्हणू. मामा कुठले?"

"अमळनेरचे."

"अमळनेरला कोणाकडं? स्टेशनाकडचे का नदीकडचे?"

असं करत करत, पोह्यांची एक बशी संपायच्या आत, दीपक हा लीलाधरभाऊंच्या साडूच्या चुलतभावाचा भाचा निघाला. भाऊंनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. "भावड्या, मग आधी सांगायचं ना. घाबरतो काय. अहो, ह्याला अजून पोहे द्या."

मी मान वर करून बघितलं तर सगळ्या टेबलांवर तेच चाललं होतं. बायका तर पुरुषांच्या पुढं. कोणाची आजी कोणाच्या माहेरची, कोणाचे काका कोणाच्या बापाबरोबर जामनेरच्या शाळेत. सरांची कार्डं बशांखाली भिजत होती. कोणाला मुलाच्या बलस्थानाशी देणंघेणं नव्हतं, फक्त तो कोणाचा आहे हे कळायला हवं होतं. आणि एकदा का तो कोणाचा तरी निघाला, की मग त्याला वाऱ्यावर सोडायची कोणाची हिंमत नव्हती. उद्या अमळनेरला तोंड दाखवायचं असतं.

पुढच्या शनिवारी लीलाधरभाऊ शिफ्ट संपल्यावर गेटपाशी उभे. "आमचा भाचा आला नाही अजून," म्हणून वॉचमनला दोनदा विचारून झालेलं. भूषण सरांचा हजेरीचा आलेख एकदम वर गेला. तो वर का गेला हे पुण्याच्या हेड ऑफिसला इंग्रजीत कसं कळवायचं, म्हणून ते माझ्याकडे आले होते. कोणी वारलं नसल्यामुळे मी काही मदत करू शकले नाही.

राहिली फक्त अरिबा.

तिच्यासाठी लोकांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पण तिचे मामा बऱ्हाणपूरचे. तिकडं आमचे ट्रक जातात, सोयरीक जात नाही. लोक दोनचार प्रश्न विचारून, आणखी एक लाडू तिच्या बशीत ठेवून उठले. मीच तिला घेते म्हटलं, तर समन्वयकाला मेंटॉर होता येत नाही असा पुण्याचा नियम. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचाच भरवसा नव्हता. मी धुळ्याची. शकीलभाऊंना सांगू काय, मी तुमची कोण?

सावद्याचं आमच्या कारखान्यात एकच माणूस. क्वालिटीच्या ज्योत्स्ना मॅडम. चटई बोटभर कमी भरली तरी अख्खी गाडी उतरवून घेणाऱ्या. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी कायम असायची, मंगळसूत्र कधी दिसायचं कधी नाही. सावदा त्यांचं माहेर हे मला त्यांच्या जुन्या दाखल्यावरून माहीत, त्यांच्या तोंडून त्या गावाचं नाव मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. डब्यात केळ निघालं तरी त्या ते शेजारणीला द्यायच्या. त्यांना मी सुपारी द्यायला गेले तेव्हा त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली होती.

"मला यात घेऊ नको, रूपा."

"मॅडम, तुमच्याच गावची आहे पोरगी."

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या आणि चटईचा काठ मोजायला लागल्या. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मी बसले होते ती चटईच नापास केली.

दिवाळी झाली आणि शकीलभाऊ आले. शनिवारचीच दुपार. पांढरा सदरा, हातात पिकलेल्या केळ्यांच्या दोन फण्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. अरिबा त्यांच्या शेजारी कँटीनच्या बाकावर बसली. आज तिनं ओढणी बोटाला गुंडाळली नव्हती, ती नुसतीच बसली होती.

मी भूषण सरांना पुढं केलं. सर बिचारे मनापासून बोलले. लॅपटॉप उघडून त्यांनी रंगीत तक्ता दाखवला, मेंटॉर कसा दिशा देतो, कसा आत्मविश्वास वाढवतो.

शकीलभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं आहे सर. समजलं मला. पण हा मेंटॉर म्हणजे नात्यानं कोण लागतो?"

"नात्यानं असं नाही. तो एक प्रकारचा मार्गदर्शक असतो."

"हां. म्हणजे पोरीला ताप भरला, तर दवाखान्यात हा तक्ता येईल का?"

सरांनी लॅपटॉप हळूच मिटला. मी "मी आहे ना भाऊ," असं म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे फार भल्या नजरेनं बघितलं. "तुम्ही आहात, बाई. पण तुमच्यापाशी सगळ्याच पोरांचं आहे. हिच्या एकटीचं कोण?" मग ते केळ्यांची पुडी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "माझी आई, अनवरी, तिचाच हट्ट होता की नात शिकावी. तिला जाऊन काय सांगू तेच कळत नाही. बस आहे आमची थोड्या वेळानं."

आमची, असं ते म्हणाले. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"सावद्याला कुठं राहता तुम्ही?"

ज्योत्स्ना मॅडम. गळ्यात मोजपट्टी, हातात नापास चटईचा तुकडा. त्या तिथं किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक.

"बाजाराच्या मागं," शकीलभाऊ म्हणाले.

"अनवरीचाचींचे का तुम्ही? त्या बांगड्या भरायच्या, त्याच ना?"

शकीलभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग अरिबाकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"हो," ते म्हणाले. "भरायची ना."

"माझ्या लग्नात त्यांनीच चुडा भरला. हिरवा. मी रडत होते तर म्हणाल्या, रडू नको, रडलं की हात कडक होतो, बांगडी चढत नाही."

"असंच म्हणायची ती सगळ्यांना," शकीलभाऊ म्हणाले. "म्हणजे तुम्ही आमच्या गावच्या लेक."

"मग ही माझी भाची लागते. ताप आला तर माझ्या घरी येईल. मला खिचडी बरी करता येते."

एवढंच. त्यांनी अरिबाच्या शेजारी बसून पुडीतलं एक केळ सोललं आणि खाल्लं. शकीलभाऊंनी त्यांचा फोन नंबर घेतला, पत्ता घेतला, सलाम केला आणि बसला एकटेच गेले. भूषण सर मला कोपऱ्यात घेऊन विचारत होते की हे आधीच का नाही सांगितलं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे असंच असतं.

सोमवारी वसतिगृहात काही कागद द्यायला गेले तर अरिबा मागोमाग फाटकापर्यंत आली.

"मॅडम, एक सांगू? दादी बांगड्या कधीच नाही भरायची. दादी केळीच्या वखारीत कामाला होती."

"मग तुझ्या अब्बांना माहीत नाही का?"

"अब्बांनाच तर माहीत आहे," ती म्हणाली.

मी तशीच स्कूटर वळवून ज्योत्स्ना मॅडमचं घर गाठलं. त्या भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"माझ्या लग्नात बांगड्या भरायला कोणीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "धुळ्याला कोर्टात झालं. घरून निघाले ती एक पिशवी घेऊन. साक्षीदारांपैकी एकाचं तर नावसुद्धा मला माहीत नाही. बांगड्या बसस्टँडवर घेतल्या, माझ्या मीच घातल्या. मुलाची नुसती पोटजात नव्हे, जातच वेगळी होती. आई-बाप असेपर्यंत दार उघडलं नाही. नंतर उघडायला कोणी उरलं नाही."

त्या मेथीच्या काड्या बाजूला करत राहिल्या.

"शनिवारी तू त्या पोरीच्या पायापाशी बघितलं नाहीस का?" त्या म्हणाल्या. "पिशवी भरून आणली होती तिनं. वर चादर बांधलेली."

मी बघितलं नव्हतं. मी तेव्हा माझ्या शब्दाची लाज राखत बसले होते.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण आठवड्याभरात शकीलभाऊंचा फोन. अम्मीला सांगितलं, ती म्हणते माझ्या हाताची पोर आहे तर मला दाखवा. रविवारी जेवायलाच या.

ज्योत्स्ना मॅडम जायला तयार होईनात. शकीलभाऊंनी भिडेपोटी मान हलवली होती, म्हातारी कशाला हलवेल? चार लोकांत ती म्हणाली, मी नाही बाई ओळखत हिला, की संपलं. शकीलभाऊंना घरात तोंड दाखवता येणार नाही आणि अरिबाची पिशवी पुन्हा भरली जाईल. मी मार्ग सुचवायला लागले. दुसऱ्या अनवरी होत्या म्हणा. डोळे आलेत म्हणा. ज्ञानेश्वररावांनी, विचारलं नसताना, आजारी पडायचा सल्ला दिला. वच्छलाबाईंनी भिंतीपलीकडून, "जाय नं, काय खाई लेतीन का तुले," असं मॅडमना उद्देशून पण मला सांगितलं.

शेवटी आम्ही तिघी बसनं निघालो, अरिबा, मॅडम आणि मी. फैजपूर सोडलं आणि दोन्हीकडून केळीच्या बागा सुरू झाल्या. मॅडमनी खिडकी लावून घेतली, मग पुन्हा उघडली. "ते वळण अजून तसंच आहे," एवढंच त्या बोलल्या. सावद्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मी खरं सांगून टाकणार. खोट्या मापावर माल जात नाही." अरिबानं त्यांचा हात धरला आणि आम्ही बाजाराच्या मागं निघालो.

घर लहान, ओटा स्वच्छ सारवलेला, आणि बघायला अर्धी गल्ली जमलेली. अनवरीचाची बाजेवर बसल्या होत्या, पाठ ताठ, डोक्यावर पदर. शकीलभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरचं बारकाईनं निरीक्षण करत होते. ज्योत्स्ना मॅडम पुढं झाल्या. "चाची, मला एक सांगायचं आहे," त्यांनी सुरुवात केली.

"आधी बैस," म्हातारी म्हणाली. तिनं मॅडमना शेजारी बसवलं, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि मनगट उलटंसुलटं करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हात भरला आता," अनवरीचाची म्हणाल्या. "तेव्हा लय बारीक होता. दोन बांगड्या फुटल्या माझ्या हातून. मी म्हटलं, रडू नको गं."

मॅडमचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

"मी पण होते ना तेव्हा," ओट्याखाली उभी असलेली एक नऊवारीतली बाई म्हणाली. "मंडपाचा एक खांब वाऱ्यानं पडला होता त्या दिवशी."

"वाऱ्यानं नाही पडला. बैल धडकला होता," दुसरं कोणीतरी म्हणालं.

"आणि जिलबी कमी पडली."

"कमी कुठं पडली? संध्याकाळी पुन्हा काढली की. मी तर दोनदा बसलो पंगतीला," एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले. ते कोणत्या लग्नाबद्दल बोलत होते देव जाणे, पण त्यांच्या डोळ्यांत शंका नव्हती.

बैल का वारा यावर गल्लीत वाद पेटला. शकीलभाऊंनी कॅलेंडर सोडलं आणि आमच्यासाठी पाणी आणायला आत गेले. जाताना अरिबाच्या डोक्यावर हात ठेवून गेले. अनवरीचाचींनी आतल्या बाजूला आवाज दिला, "ताटं घ्या गं, माहेरची पोर आली."

ज्योत्स्ना मॅडमचा हात अजून चाचींच्याच हातात होता. मोजपट्टी त्या घरी विसरून आल्या होत्या. मॅडम त्या बोलणाऱ्या माणसांच्या तोंडांकडे एकेक करून बघत होत्या, कोणाचंच माप न काढता.

"आणि वरात, चाची?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान निघाला. "वरात कुठून गेली होती?"

म्हातारीनं ओट्यावरून समोर बोट केलं, जिथं दोन कोंबड्या आणि एक सायकल उभी होती.

"इथूनच ना गं," ती म्हणाली. "याच गल्लीतून."